बोनसाय पाहावं कसं : बुंध्यापासून वर

बोनसायच्या प्रदर्शनात दोन प्रश्न हमखास कानावर पडतात. ‘हे किती वर्षांचं आहे?’ आणि ‘याला खरीखुरी फळं धरतात का?’ सुरुवातीला मीही हेच विचारत फिरायचो. उत्तर मिळायचं, मी ‘अरे वा!’ म्हणायचो आणि पुढच्या टेबलाकडे सरकायचो. झाड पाहायचं तेवढं राहून जायचं.

बोनसाय करावं कसं, हे इथे सांगायचं नाही. ज्यांना एखाद्या झाडापुढे पाच-दहा मिनिटं उभं राहून त्यात काहीतरी दिसावं असं वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. पाहण्याला एक क्रम आहे. तो खालून वर जातो आणि त्यात शैलीचं नाव सगळ्यात शेवटी येतं. नवशिका नेमकं उलटं करतो. चार जपानी नावं पाठ करतो आणि झाडावर चिकटवत सुटतो.

एक गैरसमज आधीच काढून टाकू. बोनसाय नावाची झाडाची जात नसते, ठेंगू बियाणंही नसतं. ‘बोन’ म्हणजे उथळ तबक आणि ‘साय’ म्हणजे लागवड. तबकात वाढवलेलं साधं झाड, एवढाच त्याचा अर्थ. मुळं छाटणं, शेंडे खुडणं, माती मोजकी ठेवणं आणि फांद्यांना तारेनं वळण देणं, यांतून ते लहान राहतं. तेच झाड जमिनीत लावलं तर आपल्या मूळ वाढीला लागतं. ही कला चीनमधून जपानात आली. चीनमध्ये इ. स. ७०६ सालच्या एका राजपुत्राच्या थडग्यातल्या भित्तिचित्रात, इवलंसं झाड आणि दगड असलेलं तबक हातात घेतलेली सेविका दिसते. जपानमध्ये १३०९ सालच्या एका चित्रगुंडाळीत तबकातली झाडं आढळतात.

पायरी १ : खाली वाका

उभ्यानं, वरून पाहिलं तर बोनसाय म्हणजे कुंडीतलं झुडूपच. डोळे खोडाच्या मध्यापाशी, जमल्यास त्याहून थोडे खाली येतील इतकं वाका. झाड एकदम मोठं होतं. कुंडीतली माती जमीन होते आणि फांद्या डोक्यावर येतात. नीट मांडणी केलेल्या प्रदर्शनात टेबलांची उंची हा हिशेब करूनच ठरवलेली असते, पण सगळीकडे तेवढं भाग्य नसतं. गुडघे दुखले तरी वाकाच.

आता झाडाचा दर्शनी भाग शोधा. बोनसायला तोंड असतं आणि पाठही असते. समोरून पाहताना खोडाचा खालचा भाग उघडा दिसतो, फांद्या डावी-उजवीकडे सरकलेल्या असतात आणि शेंडा किंचित आपल्याकडे झुकलेला असतो, पाहुण्याला नमस्कार केल्यासारखा. या झुकण्याला कारण आहे. शेंडा सरळ ठेवला तर खालून पाहणाऱ्याला झाड मागे रेलल्यासारखं भासतं. दर्शनी बाजू सापडली की दोन-तीन पावलं मागे या, डोळे बारीक करा आणि नुसता आकार पाहा. मग एक पाऊल बाजूला सरका. मांडणी कशी विस्कटते ते दिसेल. बऱ्याचदा समोरून लपवलेला मोठ्या कापाचा वणही तिथेच सापडतो. तो शोधण्यात वावगं काही नाही. करणाऱ्यानं ही बाजू का निवडली, ते त्यातून कळतं.

पायरी २ : मुळांपाशी थांबा

जाणकाराची नजर आधी इथे जाते. खोड जमिनीतून बाहेर येतं तिथे मुळं चारी बाजूंना पसरून मातीला धरून बसलेली दिसली पाहिजेत. जपानीत याला ‘नेबारी’ म्हणतात. डांब रोवल्यासारखं खोड सरळ मातीत शिरलं असेल, सगळी मुळं एकाच बाजूला असतील किंवा एक मूळ दुसऱ्यावर आडवं पडलं असेल, तर वरचा डौल कितीही असला तरी झाड ठेवल्यासारखं वाटतं, उगवल्यासारखं नाही.

नेबारीला एवढा मान का, याचं उत्तर सोपं आहे. तिथे शॉर्टकट चालत नाही. फांदी तारेनं एका हंगामात वळवता येते. मुळांचा घेर मात्र दर वेळी कुंडी बदलताना नको ती मुळं काढत, हवी ती पसरत, वर्षानुवर्षं घडवावा लागतो. ट्रायडंट मेपल या झाडात तर शेजारची मुळं एकमेकांत मिसळून बुंध्याखाली एकसंध चकतीच तयार होते. अशी चकती दिसली तर पाच मिनिटं तिलाच द्या.

पायरी ३ : खोड पाहा, खोड काढा

मराठीनं इथे आपलं काम हलकं केलं आहे. खोड म्हणजे झाडाचा बुंधाही आणि माणसाची वाईट सवयही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, हे बोनसायलाही लागू आहे. जाड झालेल्या खोडात एकदा पडलेलं वळण सहसा तिथून हलत नाही.

खोडात मुख्य गोष्ट पाहायची ती निमुळतेपणा. बुडाशी जाड, मध्यावर बारीक, शेंड्याशी काडीएवढं, आणि हा बदल कुठेही अडखळता कामा नये. ढोबळ ठोकताळा असा की झाडाची उंची बुडाच्या जाडीच्या सहापट असावी. बुड १० सेंटीमीटर, तर झाड साधारण ६० सेंटीमीटर. असं झाड दणकट आणि जुनं दिसतं. प्रमाण बाराच्या पुढे गेलं की झाड कोवळं किंवा नाजूक वाटू लागतं. कधी कधी तेच हवं असतं, ते पुढे येईलच.

निमुळतेपणा आपोआप येत नाही. खोड मनासारखं जाडलं की ते वरून चक्क छाटतात आणि बाजूच्या एका फुटव्याला शेंडा करतात. तो जाडला की त्यालाही छाटायचं. खोडातलं एकेक वळण म्हणजे काही वर्षांचा एकेक टप्पा. दक्षिण चीनमधल्या ग्वांगदोंगच्या लिंगनान परंपरेत तर तारेपेक्षा कात्रीवरच भिस्त असते. छाटायचं, वाढू द्यायचं, पुन्हा छाटायचं. त्या झाडांच्या फांद्यांत वाकण्यापेक्षा कोन जास्त दिसतात. तार आणि कात्री यांच्या हस्ताक्षरातला हा फरक एकदा ओळखू आला की पुढे सतत दिसत राहतो.

उलटा निमुळतेपणा, म्हणजे खाली बारीक आणि मध्येच फुगलेलं खोड, हा सर्वांत डोळ्यांत खुपणारा दोष. एकाच जागी चार-पाच फांद्या फुटू दिल्या की तिथे अशी गाठ बनते.

सालही पाहा. जपानी काळ्या पाइनची, ‘कुरोमात्सु’ची, साल तडकून तिचे जाड पापुद्रे सुटतात. ते जपण्यासाठी करणारा हात लावायलाही धजत नाही. मेपलची साल गुळगुळीत असते आणि तिथे एक छोटासा वणही बोलका होतो. एका झाडात जे भूषण, तेच दुसऱ्यात दूषण.

पायरी ४ : फांद्या, आणि फांद्यांमधली रिकामी जागा

सर्वांत खालची फांदी साधारण एक-तृतीयांश उंचीवर असते आणि सर्वांत जाडही तीच. वर जाताना फांद्या बारीक होतात, त्यांच्यातलं अंतर कमी होतं. खोड वळतं तिथे फांदी वळणाच्या बाहेरच्या अंगाला असते. आतल्या अंगाला निघालेली फांदी काखेत काहीतरी धरल्यासारखी दिसते.

आता फांद्यांचा कोन बघा, कारण वयाचा सगळा खेळ त्यात आहे. तरुण सूचिपर्णी झाडाच्या फांद्या वर उजेडाकडे धावतात. म्हाताऱ्या झाडाच्या फांद्या स्वतःच्या वजनानं आणि हिवाळ्यातल्या बर्फाच्या ओझ्यानं खाली येतात. म्हणून वीस वर्षांच्या पाइनच्या फांद्या तारेनं खाली उतरवल्या की तो शंभरीचा वाटतो, आणि खरोखर जुनं झाड दुर्लक्षामुळे वर वाढत सुटलं तर पोरसवदा दिसतं. ‘किती वर्षांचं?’ या प्रश्नाचा जोर इथे ओसरतो. झाड किती वर्षांचं आहे यापेक्षा ते किती वर्षांचं दिसतं आणि कशामुळे दिसतं, हे पाहण्यात जास्त गंमत आहे.

फांदीपासून टोकाकडे नजर न्या. एकीच्या दोन, दोनाच्या चार, अशा डहाळ्या बारीक होत जायला हव्यात. जाड फांदीच्या टोकाला एकदम पानांचा झुपका असेल तर मधली काही वर्षं गाळली गेली आहेत असं समजा.

पानांच्या थरांमध्ये मोकळी जागा दिसते का? पाखरू उडून जाईल एवढी वाट फांद्यांत असावी, असं बोनसायवाले म्हणतात. रिकामी जागा राहून गेलेली नसते, मुद्दाम ठेवलेली असते. दाट हिरवा गोळा आधी आवडतो आणि लवकर कंटाळवाणा होतो.

फळांचा प्रश्नही इथेच निकालात काढू. छाटणीनं पानं लहान होतात, फुलं आणि फळं मात्र मूळ आकाराचीच राहतात. म्हणून वीतभर झाडाला लागलेलं सफरचंद मजेशीर दिसतं, पण प्रमाण बिघडवतं. मुळात लहान फळं धरणारी झाडं जाणकार पसंत करतात ती यासाठीच.

पायरी ५ : हे झाड कुठे उभं असेल?

आता शैली. प्रत्येक शैली म्हणजे एका जागेची आणि तिथल्या हवेची गोष्ट आहे. आधी जागा ओळखा, मग नाव विचारा.

खोड सरळसोट, फांद्या दोन्हीकडे समतोल : मोकळं मैदान, भरपूर ऊन, शेजारी कोणी नाही. हे ‘चोक्कान’. दिसायला सोपं आणि करायला महाकठीण, कारण लपायला एकही वळण नाही. खोड डावी-उजवीकडे नागमोडी, पण शेंडा फिरून बुडाच्या वर आलेला : हे ‘मोयोगी’, सर्वांत जास्त भेटणारं. तोल जाता जाता सावरलेल्या झाडाची ही चाल आहे. खोडच तिरकं : ‘शाकान’. यात झुकलेल्या बाजूच्या विरुद्ध अंगाची मुळं पाहा. ती दोरखंडासारखी ताणलेली हवीत, नाहीतर झाड पडतं आहे असंच वाटेल. फांद्या पंख्यासारख्या पसरून वर घुमट झालेला : ‘होकिदाची’, म्हणजे उभा केलेला खराटा. जपानी केयाकी झाडाला हा आकार जन्मजात शोभतो.

‘केंगाई’ म्हणजे कड्यावरून खाली लोंबणारं झाड. शेंडा कुंडीच्या तळाच्याही खाली गेला तर पूर्ण केंगाई. काठाखाली जाऊन तळाच्या वरच थांबला तर ‘हान-केंगाई’, म्हणजे अर्ध. याला खोल कुंडी लागते, तोल सांभाळायलाही आणि कड्याचा भास व्हायलाही. झाडाचा ओढा वर जाण्याकडे असतो. त्यामुळे खाली उतरलेलं टोक जोमदार ठेवणं हीच खरी परीक्षा असते. खालच्या टोकाची पानं विरळ आणि पिवळी पडलेली असतील तर करणारा नापास.

‘फुकिनागाशी’, म्हणजे वाऱ्यानं झोडपलेलं झाड, नवख्यांना फार आवडतं आणि फसतंही सर्वांत जास्त. नुसत्या फांद्या एका दिशेला ओढल्या की वारा येत नाही. खोडही त्याच वाऱ्यात वाढलेलं दिसायला हवं. खोड एक सांगतं आणि फांद्या दुसरंच, अशी कितीतरी झाडं पाहायला मिळतात. त्यांना झाड नाही, केशभूषा म्हणावं.

आणि ‘बुंजिन’. मला ही शैली सर्वांत उशिरा कळली. पहिल्यांदा पाहिली तेव्हा अर्धमेलं रोप प्रदर्शनात कोणी ठेवलं, असंच वाटलं होतं. उंच, सडपातळ, वेडंवाकडं खोड, वर चार-दोन फांद्या आणि खाली लहानशी गोल कुंडी. आतापर्यंत सांगितलेले बहुतेक नियम इथे मोडलेले असतात. बुड जाड नाही, एक-तृतीयांशावर फांदी नाही, नेबारीही बेताचीच. चीनमधल्या विद्वान चित्रकारांच्या कुंचल्यातून ही झाडं आली. डोंगरउतारावर, उजेडासाठी झगडत वाढलेली, खालच्या फांद्या गमावलेली. इथे पाहायची ती खोडाची रेषा. बोट हवेत फिरवून ती रेषा गिरवून बघा. कुठेही हात अडला नाही, तर ते चांगलं बुंजिन आहे. रेषेवरच सगळा भार असल्यामुळे एक फांदी जास्त झाली तरी ते लगेच सामान्य दिसू लागतं.

एकाहून जास्त खोडं असतील तर नातं शोधा. ‘सोकान’मध्ये एकाच बुडातून दोन खोडं निघतात, एक मोठं, एक धाकटं. ‘योसे-उए’ म्हणजे तबकातलं रान. झाडांची संख्या सहसा विषम असते, सर्वांत मोठं झाड बरोबर मध्यावर नसतं आणि समोरून एक खोड दुसऱ्याच्या आड जात नाही. जॉन नाका या जपानी-अमेरिकन कलावंताचं ‘गोशिन’ हे जुनिपर या सूचिपर्णी झाडाचं रान याचं गाजलेलं उदाहरण आहे. त्यात ११ झाडं आहेत, नाकांच्या ११ नातवंडांसाठी एकेक. १९८४ पासून ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे.

दगडाला मुळांनी कवटाळलेलं ‘सेकिजोजू’, आडव्या पडलेल्या खोडाच्या फांद्याच झाडं बनलेलं ‘इकादाबुकी’, असे आणखी पुष्कळ प्रकार आहेत. जागा ओळखायची सवय लागली की नावं मागाहून येतात. एक मात्र लक्षात ठेवा. ‘पेनजिंग’मध्ये, म्हणजे तबकातल्या चिनी देखाव्यात, दगड, पाणी, कधी नौका आणि माणसंही असतात. तिथे सगळा देखावाच विषय असतो, त्याला बोनसायची फुटपट्टी लावू नका.

पायरी ६ : वठलेलं लाकूड

जुनिपरवर हाडासारखे पांढरे भाग दिसतात. वठलेली फांदी म्हणजे ‘जिन’, खोडावरचा साल गेलेला पट्टा म्हणजे ‘शारी’. वीज, वारा, बर्फ यांनी डोंगरावर जे होतं, ते इथे हत्यारानं करतात आणि लाकूड कुजू नये म्हणून त्यावर चुना-गंधकाचं द्रावण लावतात. पांढरेपणा त्यानंच येतो. मासाहिको किमुरा या जपानी कलावंतानं यासाठी विजेवर चालणारी हत्यारं वापरून बोनसायच्या जगात खळबळ उडवली होती.

पाहताना दोन गोष्टी तपासा. पहिली, सालीचा जिवंत पट्टा मुळापासून पानांपर्यंत अखंड जातो का? झाड त्यावरच जगतं. पांढऱ्या लाकडाशेजारून वर चढणारी ही तांबूस शीर म्हणजे जुनिपरचं खरं सौंदर्य. दुसरी, कोरीवकाम लाकडाच्या रेषांबरोबर गेलंय की त्यांना आडवं? हत्याराची खूण दिसली की वीज खोटी पडते.

पायरी ७ : कुंडी

चित्राला चौकट असते तशी कुंडी, असं म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. चौकट बदलून चित्र बदलत नाही, कुंडी बदलली की झाड बदलतं. ‘बोनसाय’ या शब्दात कुंडी आधी येते, हे विसरू नये.

पाइन, जुनिपर यांना बहुधा बिनझिलईची तपकिरी कुंडी देतात. जपानमधलं तोकोनामे अशा कुंड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पानगळीच्या आणि फुलांच्या झाडांना झिलईची, रंगीत. लांबी झाडाच्या उंचीच्या सुमारे दोन-तृतीयांश, खोली बुडाच्या जाडीएवढी. लांबट कुंडीत झाड बरोबर मध्यावर नसतं. ते ज्या दिशेला वाहतं त्या दिशेला जास्त जागा सोडतात. कुंडीकडेच आधी लक्ष गेलं, तर ती चुकलेली आहे.

पायरी ८ : ऋतू आणि तब्येत

पानगळीचं झाड पानं गळल्यावर पाहा. डहाळ्यांची जाळी, जुने वण, तारेचे व्रण, सगळं उघडं पडतं. जपानचं नावाजलेलं ‘कोकुफु-तेन’ हे प्रदर्शन १९३४ मध्ये सुरू झालं आणि ते तोक्योत भरतं फेब्रुवारीत, ऐन थंडीत, ते उगाच नाही. जपानला जाण्याचा योग आलाच तर तोक्योजवळचं ओमिया गाठा. १९२३ च्या भूकंपानंतर तोक्योतल्या बोनसायवाल्यांनी चांगली माती आणि स्वच्छ पाणी शोधत तिथे वस्ती केली. २०१० पासून तिथे बोनसायचं संग्रहालयही आहे.

‘हा झाडाचा छळ नाही का?’ असं कोणीतरी विचारतंच. छाटणी बागेतल्या झाडाचीही होते. पाहायचं ते झाड तरारलेलं आहे की नाही. सालीत रुतून बसलेली तार, सुकलेली टोकं, पिवळी पानं दिसली तर खुशाल नावं ठेवा. निरोगी बोनसाय करणाऱ्याच्या पश्चात नातवंडांकडे जातं. वॉशिंग्टनमध्येच एक पांढरा पाइन आहे, १६२५ पासून घडवला जात असलेला. यामाकी कुटुंबानं तो १९७६ साली अमेरिकेला भेट दिला. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा हे झाड तिथून जेमतेम तीन किलोमीटरवर, त्यांच्या अंगणात होतं, हे वॉशिंग्टनमधल्या लोकांना कळलं २००१ साली, देणाऱ्याचे नातू झाड पाहायला आले तेव्हा. तोवरची पंचवीस वर्षं लोक त्याच्यापुढे थांबत होते ते त्याच्या खोडापाशी, त्याच्या पसाऱ्यापाशी.

पायरी ९ : कागद-पेन्सिल

पुढच्या वेळी सगळं प्रदर्शन पाहू नका. तीन झाडं निवडा. प्रत्येकापुढे दहा मिनिटं. फोटो शेवटी काढा, आधी चित्र. पहिली रेषा कुंडीची, मग मुळांचा पसरट पाया, मग खोड एका दमात, मग मुख्य फांद्या. पानं काढायचीच नाहीत. चित्र वाईट आलं तरी बिघडत नाही. नंतर कागद झाडाशेजारी धरा आणि कोणती फांदी काढायची राहून गेली ते बघा. बहुतेक वेळा ती मागची फांदी असते, खोडाच्या आडून अर्धवट डोकावणारी. तिच्यावर हात धरून तिला झाका, झाड कागदासारखं सपाट होईल. हात काढा, पुन्हा खोली येईल.